चाल कोणाची? आशियाई लोकप्रिय संगीतातील देवाणघेवाणीच्या वादाची पार्श्वभूमी

२६ जून २०२० रोजी दक्षिण कोरियातील ब्लॅकपिंक या चार गायिकांच्या गटाचे ‘हाऊ यू लाइक दॅट’ हे गाणे प्रसिद्ध झाले आणि त्याच्या व्हिडिओतील काही क्षणांच्या एका दृश्याने भारतातील चाहते दुखावले गेले. लिसा ही गायिका उंच आसनावर बसलेली आणि गणपतीची मूर्ती खाली जमिनीवर ठेवलेली, असे ते दृश्य होते. सीताबर्डीच्या टेकडी गणपतीसमोर चपला बाहेर काढून हात जोडणाऱ्या नागपुरातील घरांमध्ये हीच गाणी रोज वाजत होती. त्यामुळे हा राग परक्यांवरचा नव्हता, तो आपल्या आवडत्या माणसांवरचा होता. काही दिवसांतच कंपनीने मूर्ती व्हिडिओतून काढून टाकली. याच व्हिडिओत चौघींनी हानबोक या कोरियन पारंपरिक पोशाखावर बेतलेले कपडे घातले होते आणि कोरियात त्याचे कौतुक झाले होते. स्वतःचा पोशाख जाणतेपणी आणि अभिमानाने मिरवला गेला, तर दुसऱ्याचा देव सजावटीची वस्तू म्हणून आला, आणि या वादाचे मूळ या विसंगतीतच आहे.

अशा वादांसाठी, म्हणजे दुसऱ्या संस्कृतीतील गोष्ट परस्पर उचलून वापरण्यासाठी, इंग्रजीतून आलेला ‘कल्चरल अप्रोप्रिएशन’ हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे आणि मराठीत त्यासाठी ‘सांस्कृतिक विनियोग’, ‘सांस्कृतिक अपहार’ असे प्रतिशब्द वापरले जातात. परंतु संगीताच्या बाबतीत मराठी माणसाकडे याहून जुने आणि नेमके शब्द आहेत. आपण चाल ‘घेतली’ असे म्हणतो, चाल ‘उचलली’ असेही म्हणतो, आणि ही दोन क्रियापदे आपण कधीही एका अर्थाने वापरत नाही. घेतलेल्या चालीचा मूळ धनी सांगितलेला असतो आणि उचललेल्या चालीचा लपवलेला असतो. आशियातील लोकप्रिय संगीताचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या दोन क्रियापदांच्या आधारे तपासला, तर आजचे बरेचसे भांडण समजून घेता येते, असे मला वाटते.

संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती पाहाव्यात. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हापासून पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ देण्याची पद्धत दिसते. कर्नाटकी पदे, कीर्तनातील साक्या-दिंड्या, लावण्या असे सगळे या नाटकांत आले आणि पुढे भास्करबुवा बखले यांनी १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी चाली दिल्या, तेव्हा उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्यांचा रंगही मराठी पदांवर चढला. हीच पद्धत दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांत आजही पाहायला मिळते. पातळ कागदावर छापलेली, मधोमध दोन पिना मारलेली भीमगीतांची पुस्तिका हातात घेतली, की गाण्याच्या शीर्षकाखाली बारीक अक्षरांत ‘चाल’ असे लिहून पुढे एखाद्या चित्रपटगीताचा मुखडा दिलेला असतो. शब्द कवीचे, आशय चळवळीचा आणि सूर दुसऱ्याचा, ही गोष्ट तिथे उघडपणे सांगितलेली असते. अर्थात ही प्रथा निर्दोष नव्हती. ती मूळ गाणे सांगत असे, ते घडवणाऱ्या व्यक्तीचे नाव सांगत नसे. नाटकांत आलेल्या ठुमऱ्या ज्या गायिकांच्या कोठ्यांवर जगल्या, त्या बायांची नावे पदांच्या डोक्यावर आली नाहीत.

ध्वनिमुद्रिका आली आणि कागदावरची ही ओळ गळाली. तबकडीवर गायकाचे नाव असे, कंपनीचे असे. सूर कुठून आला हे सांगण्याची गरज कोणाला वाटत नसे. त्याच काळात आशियातील बंदरांच्या शहरांत जॅझ पोहोचला. टेडी वेदरफोर्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक शांघायमध्ये वाजवत असे. १९३४ मध्ये त्याने ट्रम्पेटवादक बक क्लेटन आणि त्याच्या वाद्यवृंदाला तिथल्या कॅनिड्रोम या नृत्यगृहात आणले. ते काम सुटल्यावर दुसऱ्या नृत्यगृहात पोट भरण्यासाठी क्लेटनच्या वादकांना चिनी लोकप्रिय गाणी शिकून वाजवावी लागली, म्हणजे तिथे देणे-घेणे दोन्ही बाजूंनी चालू होते. चिनी लोकगीत आणि जॅझ यांचा मिलाफ करणारा ली जिनहुई हा संगीतकार आज चिनी लोकप्रिय संगीताचा जनक मानला जातो. पण त्याच्या संगीताला ‘पिवळे’, म्हणजे अश्लील, ठरवण्यात आले आणि १९६७ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या छळात त्याचा अंत झाला. वेदरफोर्ड पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला.

मुंबईत या जॅझच्या परंपरेशी हिंदी चित्रपटसंगीताची गाठ पडली ती सी. रामचंद्र यांच्यामुळे, आणि इथे नागपूरचा संबंध येतो. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांनी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले होते. वसंतराव देशपांडे हेही सप्रे गुरुजींचेच शिष्य. रागदारीवर पोसलेल्या या संगीतकाराने १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये चिक चॉकलेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाला आणि त्याच्या वादकांना सोबत घेतले व पडद्यावरही आणले. मात्र त्या काळच्या बहुतेक चित्रपटांत स्वरलेखन आणि वाद्यमेळाची रचना करणाऱ्या गोमंतकीय अरेंजरांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच येत. चालीचा उगम लपणे आणि कारागिराचे नाव लपणे या दोन गोष्टी आपल्याच घरात एकत्र घडत होत्या. आपल्या गणपतीविषयी बोलताना हे विसरले जाऊ नये.

कोरियाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९१० ते १९४५ या काळात तो देश जपानच्या ताब्यात होता आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे अमेरिकी सैन्याचे तळ पडले. या तळांवर गाऊन-वाजवून कोरियन कलावंतांची एक पिढी उभी राहिली. ली नान-यंग या प्रसिद्ध गायिकेने आपल्या मुलींना आणि भाचीला इंग्रजी गाणी अर्थ न समजताही केवळ उच्चारांवरून पाठ करायला लावली. त्या ‘किम सिस्टर्स’ १९५९ मध्ये लास व्हेगासला गेल्या. भुकेच्या दिवसांत उपजीविकेसाठी शिकलेल्या या गाण्यांना अपहार म्हणणे मला अन्यायाचे वाटते. दुसरीकडे, जपानी छटा असल्याचे सांगून १९६५ मध्ये ली मी-जा हिच्या अतिशय लोकप्रिय गाण्यावर बंदी आली, ती १९८७ पर्यंत टिकली. जपानी लोकप्रिय संगीतावरील बंदी टप्प्याटप्प्याने उठायला १९९८ साल उजाडले. जे गाणे उघडपणे ऐकता येत नाही, त्याची चाल उघडपणे घेताही येत नाही. त्यामुळे या दशकांत जपानी गाणी गुपचूप उचलल्याचे आरोप कोरियन संगीतकारांवर वारंवार झाले. आपले-परके करणाऱ्या बंदीने उसनवारी थांबली नाही, फक्त तिच्यावरचे नाव पुसले गेले.

नाव पुसण्याचे काम पश्चिमेनेही केले. क्यू साकामोटो याचे १९६१ मधील जपानी गाणे १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, परंतु डोळ्यांतले पाणी सांडू नये म्हणून मान वर करून चालणाऱ्या माणसाचे ते गाणे तिथे ‘सुकियाकी’ या मांसाच्या पदार्थाच्या नावाने विकले गेले. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेच्या ‘अॅडिक्टिव्ह’ या गाण्यात लता मंगेशकर यांनी १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटासाठी गायलेल्या ‘थोडा रेशम लगता है’चा तुकडा परवानगीशिवाय वापरला गेला. प्रकरण अमेरिकी न्यायालयात गेले आणि संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव दिल्याशिवाय तो अल्बम विकण्यास मनाई झाली. पुढे मात्र गाण्याचे हक्क आधीच निर्मात्याकडे गेलेले असल्यामुळे लाहिरी यांचा स्वतःचा हक्काचा दावा टिकला नाही. भारतात गीतकार-संगीतकारांना मानधनाचा न सोडता येणारा वाटा देणारी दुरुस्ती त्यानंतर २०१२ मध्ये झाली.

सुरांचा हिशेब आता बऱ्यापैकी मांडला जातो. १९९२ मध्ये सो ताएजी अँड बॉइज या गटाने रॅपला कोरियन भाषेत बसवले. आज कोरियन अल्बमच्या श्रेयपत्रिकेत स्वीडिश आणि अमेरिकी संगीतकारांची नावे नियमित असतात. अमेरिकेतील ज्येष्ठ कृष्णवर्णीय निर्माता टेडी रायली याने २०११ मध्ये गर्ल्स जनरेशन या कोरियन गटासाठी काम केले. वाद उरतो तो करारात न बसणाऱ्या गोष्टींचा: केसांच्या वेण्या, बोलण्याची ढब, त्वचेचा रंग, पूजेची मूर्ती. २०१७ मध्ये मामामू या कोरियन गटाने कार्यक्रमात दाखवलेल्या चित्रफितीत ब्रूनो मार्स या अमेरिकी गायकाची नक्कल करताना चेहरे गडद रंगवले, तेव्हा त्यांना माफी मागावी लागली. चेहरा काळा रंगवून करमणूक करण्याचा अमेरिकेतील इतिहास गुलामगिरीशी जोडलेला आहे आणि तो कोणत्याही श्रेयपत्रिकेत लिहून मिळत नाही. तो समजून घ्यावा लागतो. गणपती जमिनीवर का ठेवू नये, हेही तसेच. जपानमध्ये हाच देव कांगितेन या रूपात शेकडो वर्षे पुजला जातो, पण तिथे तो भिक्षूंसोबत आला, विधी आणि मंत्र घेऊन आला.

नागपुरातील फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी दुचाकीच्या आरशाला फोन टेकवून कोरियन नाच बसवणाऱ्या मुली दिसतात. खांदा मागे नेण्याची एकच हालचाल त्या दहा-बारा वेळा करतात, फोन थांबवतात, पुन्हा सुरू करतात. त्यातल्या एकीने मला आपला नेटवर टाकलेला व्हिडिओ दाखवला. त्याखाली सर्वांत वर मूळ गटाचे नाव होते, मग नृत्यरचना करणाऱ्याचे, आणि नंतर या पाच जणींची. असे का लिहिले, असे विचारल्यावर ती म्हणाली, “लिहावंच लागते ना काका, नाही तर मुली खालीच कमेंट करतात, का ही स्टेप कोणाची आहे म्हणून.”