कानात बसवलेलं हाड किती वर्षं टिकतं?

निफाडकडच्या एक मावशी गेल्या पावसाळ्यात नाशिकला आमच्याकडे ऐकण्याची तपासणी करायला आल्या. पिशवीतून त्यांनी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली फाइल काढली. २७ वर्षांपूर्वी उजव्या कानाचं ऑपरेशन झालेलं. ‘आत हाड बसवलंय’ एवढंच त्यांना ठाऊक. फाइलमध्ये ऑपरेशनची तारीख होती, टाके काढल्याची होती, औषधांच्या पावत्यासुद्धा होत्या. बसवलं ते कशाचं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. कानात एंडोस्कोप धरल्यावर पडद्याला आतून टेकलेली एक पांढरी गोल कड दिसली, पातळ कापडाखाली बटण दिसावं तशी. “हे अजून किती दिवस चालंल?” मावशींनी विचारलं.

ऑडिओमेट्रीच्या खोलीत हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकते. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

मध्यकर्णातल्या तीन हाडांपैकी दोघांची नावं जुन्या नाशकातल्या तांबटांच्या रोजच्या हत्यारांची आहेत, हातोडी आणि ऐरण. तिसरी रिकीब, म्हणजे घोडेस्वार पाय ठेवतो ती कडी. ती जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. पडद्यावर आदळलेला आवाज ही साखळी आतल्या कानातल्या द्रवापर्यंत पोचवते. पडद्याचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट, त्यात तरफेचा थोडा फायदा, त्यामुळे दाब वीस-बावीस पटीने वाढतो. पडदा शाबूत राहून साखळीच तुटली तर ऐकणं ६० डेसिबलपर्यंत कमी होऊ शकतं. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानात बहुधा आधी झिजतो तो ऐरणीचा लांब दांडा, कारण त्याचा रक्तपुरवठा तोकडा.

तुटलेला हा दुवा जोडायचा प्रयत्न जर्मनीत वुलस्टाइन यांनी १९५२ मध्ये केला. त्यांनी पॅलाविट नावाच्या अॅक्रिलिक जातीच्या प्लॅस्टिकची काडी पडदा आणि आतला कान यांच्यात उभी केली. पक्ष्यांच्या कानात असं एकच हाड असतं, तीच कल्पना. सुरुवातीला रुग्णांना ऐकू आलं. पण शरीराने ती वस्तू परकी मानली आणि पडदा फोडून ती बाहेर ढकलली.

मग १९५६ मध्ये अमेरिकेत, मेम्फिसमध्ये, जॉन शी यांनी ऑटोस्क्लेरोसिसने, म्हणजे भोवतीचं हाड वाढण्याच्या आजाराने, जखडलेली रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची रिकीब बसवली. ती टिकली. टेफ्लॉनचे पिस्टन, म्हणजे रिकिबीचं काम करणाऱ्या बारीक दांड्या, आजही बसवले जातात आणि कित्येकांच्या कानात दशकानुदशकं बिनतक्रार राहतात. इथे थोडं थांबायला हवं, कारण माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे. पॅलाविटही प्लॅस्टिक, टेफ्लॉनही प्लॅस्टिक. फरक कानाचा होता. ऑटोस्क्लेरोसिसचा कान कोरडा असतो, पडदा धड असतो, आत हवा खेळती असते. पिस्टन ऐरणीला अडकवलेला असतो, पडद्याला शिवतही नाही. पुढे टेफ्लॉन आणि पॉलिथिलिन वाहणाऱ्या कानात, थेट पडद्याखाली बसवून पाहिलं, तेव्हा तेही बाहेर येऊ लागलं. म्हणजे टिकाऊपणा निम्मा वस्तूचा आणि निम्मा ती ज्या घरात राहायला जाते त्या घराचा.

घरचंच हाड वापरायची वाट १९५७ मध्ये स्वीडनमध्ये हॉल आणि रिट्झनर यांनी दाखवली. रुग्णाचीच ऐरण काढायची, घासून आकार द्यायचा आणि पुन्हा बसवायची. शरीर ती नाकारत नाही, खर्चही नाही. अडचण एवढीच, की ज्या कानात कोलेस्टिअॅटोमा, म्हणजे हाड खात जाणारी कातडीची गाठ, असतो, त्याची ऐरण बरीचशी खाल्लेली असते, आणि उरली तरी तिच्यात रोगाचे कण दडलेले असू शकतात. मृत व्यक्तींची हाडं जपून वापरायची पद्धतही काही काळ चालली. एचआयव्ही आणि क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या रोगाच्या धास्तीने ती बंद पडत गेली.

१९७०च्या दशकाच्या मध्याला प्लॅस्टिपोर आलं. हे स्पंजसारखं सच्छिद्र पॉलिथिलिन. छिद्रांत ऊती वाढतील आणि ते पक्कं धरून राहील, असा विचार होता. पहिल्या वर्ष-दोन वर्षांचे निकाल पाहून जगभर ते बसवलं गेलं. पण पुन्हा उघडलेल्या कानांतले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा त्यांच्याभोवती परक्या वस्तूवर तुटून पडणाऱ्या राक्षसपेशी दिसल्या. शरीर स्पंज हळूहळू पोखरत होतं. पडदा आणि प्लॅस्टिपोर यांच्यामध्ये कूर्चेची, म्हणजे कानाला आकार देणाऱ्या लवचिक मऊ हाडाची, चकती ठेवल्यावर बाहेर पडण्याचं प्रमाण कमी झालं. ही चकतीची सवय पुढच्या प्रत्येक पदार्थाला उपयोगी पडली.

त्यानंतरचा काळ सिरॅमिकचा. अॅल्युमिनियम ऑक्साइड शरीराशी भांडत नाही, पण नात्यातही येत नाही. सेरावायटल ही काच हाडाशी जुळायची, पण काळाच्या ओघात, विशेषतः संसर्ग झालेल्या कानात, विरघळू लागली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये ग्रोटे यांनी आणलेलं हायड्रॉक्सिअॅपेटाइट जास्त टिकलं. आपल्या हाडांतलं खनिज त्याच जातीचं. ठिसूळ असल्यामुळे घासून आकार देताना मात्र ते तडकतं.

१९९३ पासून कानात टायटॅनियम आलं. ओझरला विमानांचा कारखाना असल्याने या धातूचं नाव नाशिककरांना नवं नाही. हलका आणि ताकदीचा, म्हणून विमानात जातो तोच हा. कानातला तुकडा अवघा ४ मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. डोकं जाळीदार असल्याने खालचा पाय नेमका कुठे टेकतोय हे सर्जनला दिसतं. एमआरआयची भीती नाही. ही साधी गोष्ट नव्हे. १९८७ मध्ये अमेरिकेत एका बनावटीचे पोलादी पिस्टन चुंबकाने ओढले जातात असं आढळल्यावर ते परत मागवावे लागले होते. टायटॅनियमला आता तीस वर्षं होऊन गेली आहेत. तरी थेट पडद्याखाली ठेवलं तर तेही बाहेर येतं. कूर्चा लागतेच.

आपल्याकडे खरी अडचण पुढची आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकात आहे. कान-नाक-घशाचं पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचं, त्यात प्रबंध. साहजिकच प्रबंधासाठी रुग्णाकडे काही महिनेच पाहता येतं. प्लॅस्टिपोरनेही सुरुवातीची वर्षं चांगलीच काढली होती. दहा वर्षांनी काय झालं, हे कळायला रुग्णाने परत यावं लागतं, आणि द्राक्षाच्या छाटणीत, कांद्याच्या काढणीत अडकलेला माणूस कान दुखत नसेल तर येत नाही. आला तरी कागदावर पदार्थाचं नाव नसतं. याचा मला मनापासून राग येतो. एक ओळ लिहायला किती वेळ लागतो?

मावशींचा कान दिवाळीनंतर उघडला. आतला तुकडा हायड्रॉक्सिअॅपेटाइटचाच निघाला, रिकिबीवर घट्ट बसलेला, कुठेही न झिजलेला. घशातून कानात हवा नेणारी नळी नीट चालत नसल्याने पडदाच आत ओढला जाऊन त्याच्यावर ताणला गेला होता. डॉक्टरांनी तुकडा जागचा हलवला नाही. कानाच्या पाळीजवळून कूर्चेची पातळ चकती काढून मध्ये सरकवली आणि पडदा शिवून काढल्यासारखा सारखा केला.

महिन्याभराने मावशी तपासणीला आल्या. हेडफोन लावून बीप ऐकू आला की बोट वर करायचं, हे आता त्यांना सांगावं लागत नाही. जाताना मी फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं: उजवा कान, हायड्रॉक्सिअॅपेटाइट, वर कूर्चा. त्यांनी ते नातवाकडून दोनदा वाचून घेतलं.