परके रेडकू लावणे

रेडकू दगावलेल्या म्हशीखाली दुसऱ्या म्हशीचे रेडकू पाजायला लावून तिचा पान्हा (कासेतून दूध उतरणे) टिकवण्याची गोठ्यातली पद्धत. कोल्हापूर जिल्ह्यात पंढरपुरी म्हशी पाळणाऱ्यांना ती परिचयाची आहे. शहरातल्या गंगावेशीसारख्या दूध कट्ट्यांवर गिऱ्हाइकासमोर धार काढून धारोष्ण दूध देतात. तिथे पान्हा चोरणारी, म्हणजे दूध न सोडणारी म्हैस परवडत नाही.

म्हशीच्या कासेतले साधारण ५ टक्केच दूध सडांवरच्या पोकळीत असते, बाकीचे वरच्या ग्रंथींत अडकलेले असते. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात आले की हे दूध खाली उतरते. रेडकाचा वास, लुचणे आणि ढुशा यांनी ऑक्सिटोसिन स्रवते. मार, भीती, अनोळखी हात यांनी आखडते. त्यामुळे रेडकू गेलेल्या म्हशीची कास तटतटलेली दिसते, पण धार लागत नाही. दूध साठून राहिले की नवे बनणेही मंदावते आणि म्हैस वेताच्या मध्येच आटते.

म्हैस आपले रेडकू वासावरून ओळखते आणि ही ओळख व्याल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच पक्की होते. रेडकू मेलेले जन्मले, तर वेळ न दवडता गर्भजल नव्या रेडकाच्या पाठीला आणि शेपटीखाली चोळावे. ते हाती नसेल तर पाठीवर मीठ किंवा गुळाचे पाणी लावून म्हशीला चाटू द्यावे. रेडकू आठवड्याच्या आतले, निरोगी आणि भुकेले असावे. हगवण लागलेले गोठ्यात आणूच नये. म्हशीपुढे सरकी पेंडीची आंबोण (भिजवलेले खाद्य) ठेवून रेडकू कडेने लावावे, म्हणजे मान वळवून तिला ते हुंगता येते. लाथ मारली तरी काठी उगारू नये, पान्हा तिथेच आखडतो. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून पुढे ठेवण्याची जुनी युक्ती थोडे दिवस चालते, पण कातडे कुजते, माश्या येतात.

बहुतेकदा फसते ते लोभापायी. पान्हा फुटला की रेडकू ओढून बांधतात आणि ते उपाशी राहते. रोज वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे ३० किलोच्या रेडकाला ३ लिटर दूध मिळायलाच हवे. मुळात पहिले रेडकू का दगावले हेही पाहावे. वार (जार) पडेपर्यंत चीक, म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले दूध, न पाजण्याची चाल घातक आहे: चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये पहिल्या २४ तासांतच आतड्यातून शोषली जातात, त्यातही पहिले एकदोन तास मोलाचे. गोल जंत तर आईच्या दुधातूनच येतात. दहाव्या दिवसाच्या सुमारास पशुवैद्याला विचारून औषध पाजावे.

पाळलेल्या डॉल्फिनमध्ये न व्यालेल्या मादीलाही परक्या पिलाच्या लुचण्याने दूध फुटल्याची उदाहरणे आहेत. म्हशीत तसा भरवसा धरू नये. ती ताजी व्यालेलीच हवी.

दूध उतरवण्यासाठी फुंका घालणे (जनावराच्या योनीत हवा फुंकणे) किंवा आरोग्याला अपायकारक इंजेक्शन टोचणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हा आहे.