जहाजावर होते, पण बॅजच नव्हता: अणुचाचणीतल्या नौसैनिकांचा क्लेम कसा करायचा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतही कुणाचे सासरे, कुणाच्या जावयाचे आजोबा तिथल्या नेव्हीत होते असं निघतं, आणि १९४६ ते १९६२ मधल्या पॅसिफिकच्या अणुचाचण्यांच्या वेळी ते जहाजावर असतील तर हे नीट वाचा. अशा माणसाला नंतर कॅन्सर झाला असेल तर भरपाई मिळू शकते, ते वारले असतील तर बायकोला मिळू शकते, पण घरचे लोक एकाच गोष्टीवर अडतात, की रेडिएशन किती लागलं त्याचा कागद आपल्याकडे नाही. बऱ्याच कॅन्सरसाठी तो आकडा लागतच नाही हो, नुसतं तिथे हजर होते हे दाखवलं की पुरतं.

आधी मोजमाप कसं व्हायचं ते बघू, म्हणजे कागद का नसतो ते कळेल. आपल्याकडे एक्सरे टेक्निशियनच्या छातीवर रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज असतो, तेच काम तेव्हा फिल्म बॅज करायचा. दातांच्या एक्सरेला वापरतात तशी छोटी फिल्म बंद पाकिटात, वर शिशाची पट्टी, ती नंतर डेव्हलप करून किती काळी पडली त्यावरून गॅमा रेडिएशनचा आकडा काढायचा. पण हे सगळ्यांना मिळालेलंच नाही. १९४६ च्या ऑपरेशन क्रॉसरोड्स या अणुचाचणीला पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर सुमारे ४२ हजार लोक होते आणि बॅज मिळाले जेमतेम १५ टक्क्यांना, जिथे धोका कमी वाटला तिथे अख्ख्या गटात एकदोघांकडे बॅज आणि बाकीच्यांचा आकडा त्यावरून धरायचा.

आणि त्याच चाचणीत सगळ्यात वाईट प्रकार झाला. २५ जुलैचा बेकर हा स्फोट पाण्याखाली सुमारे २७ मीटरवर केला, किरणोत्सारी पाणी उसळून टार्गेट जहाजांवर, म्हणजे स्फोटाचा परिणाम बघायला मुद्दाम उभ्या केलेल्या जहाजांवर पडलं, मग पोरांना तिथे चढवून डेक घासायला लावले, पाणी मारलं, साबण, कॉस्टिक सगळं झालं, तरी ते किरणोत्सारी प्रदूषण निघेना. शेवटी १० ऑगस्टला हे काम थांबवलं. सपोर्ट जहाजंही सुटली नाहीत, कारण समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये, पाइपांमध्ये आणि तळाला धरलेल्या शेवाळात ते साठत गेलं, म्हणजे ज्यांनी टार्गेट जहाजावर पाऊलही ठेवलं नाही त्यांच्या राहण्याच्या जागेपर्यंत रेडिएशन आलं. श्वासातून किंवा तोंडावाटे पोटात गेलेलं प्लुटोनियम तर फिल्म बॅजला दिसतच नाही. तेव्हा कागदावर छोटा आकडा किंवा शून्य आलं म्हणून गप्प बसू नका, मला हे फार कळकळीने सांगायचंय.

आता पात्रता. व्हेटरन्स अफेअर्स म्हणजे व्हीए, माजी सैनिकांचं सरकारी खातं, त्यांच्याकडे दोन रस्ते आहेत.

पहिला १९८८ च्या कायद्याचा. यात २१ कॅन्सरची यादी आहे, ल्युकेमिया (क्रॉनिक लिम्फोसायटिक सोडून), थायरॉइड, फुप्फुस, मोठं आतडं, जठर, स्वादुपिंड, मूत्रमार्ग, मल्टिपल मायलोमा वगैरे. यादीतला आजार आणि चाचणीत हजेरी, बस, डोस म्हणजे अंगाला किती रेडिएशन लागलं ते विचारत नाहीत. हजेरी म्हणजे चाचणीच्या अधिकृत काळात तिथे असणं, क्रॉसरोड्ससाठी तो १ जुलै ते ३१ ऑगस्ट १९४६ धरलाय, आणि नंतरच्या सहा महिन्यांत जहाजं साफ करायच्या वगैरे कामावर असलेलेही यात येतात.

दुसरा रस्ता १९८४ च्या कायद्यातून आलेला, यादीत नसलेल्या आजारांसाठी, उदाहरणार्थ प्रोस्टेट किंवा त्वचेचा कॅन्सर. इथे मात्र डोस लागतो. तो तुम्ही आणायचा नसतो, व्हीए संरक्षण खात्याच्या डिफेन्स थ्रेट रिडक्शन एजन्सीला विचारते, तिथे १९७८ पासून न्यूक्लिअर टेस्ट पर्सोनेल रिव्ह्यू नावाचं काम चालू आहे. ते लोक जहाज कुठे होतं, डेकवर रेडिएशन मीटरचं रीडिंग काय होतं, दिवसागणिक ते किती उतरलं, माणूस डेकवर किती आणि खाली पोलादाच्या आड किती वेळ असायचा असा हिशोब मांडतात. आकडा रेंजमध्ये आला तर त्यातला वरचा धरायचा असा नियम आहे. म्हणून तुमच्याकडून माहिती मागवली तर तपशील भरपूर द्या, बॉयलर रूमला होते का डेकवर, टार्गेट जहाजावर चढले का, कुठे झोपायचे, सगळं.

कागद कुठले लागतात? डिस्चार्जचा कागद, डीडी-२१४, पण तो १९५० पासून आला, त्याआधी सुटलेल्यांकडे नेव्हीचा नोटिस ऑफ सेपरेशन असतो, तो चालतो. हरवला असेल तर एसएफ-१८० फॉर्म भरून सेंट लुईसच्या रेकॉर्ड सेंटरला पाठवा. तिथल्या १९७३ च्या आगीत सगळं जळलं असं ऐकून लोक हात टेकतात, पण त्या आगीत गेली ती आर्मी आणि एअर फोर्सची रेकॉर्ड्स, नेव्हीची नाही. जहाजाचे डेक लॉग म्हणजे रोजच्या नोंदवह्या आणि खलाशांची हजेरीपत्रकं म्हणजे मस्टर रोल नॅशनल आर्काइव्हजमध्ये असतात, माणसाचं नाव मस्टर रोलमध्ये आणि त्याच तारखांना जहाज बिकिनीला हे डेक लॉगमध्ये, असं जुळलं की हजेरी पक्की. सोबत डॉक्टरांचे निदानाचे रिपोर्ट, बायोप्सी असेल तर तीही.

स्वतः हयात असतील तर फॉर्म २१-५२६ईझेड, बायको अर्ज करत असेल तर २१पी-५३४ईझेड, बरोबर मृत्यूचा आणि लग्नाचा दाखला. फी काही नाही. माजी सैनिकांना क्लेमसाठी मदत करणारे व्हेटरन सर्व्हिस ऑफिसर हे सगळं फुकट भरून देतात, त्यांना गाठा.

याशिवाय न्याय खात्याची वेगळी योजना आहे, रेका, म्हणजे रेडिएशन एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट. ती २०२४ मध्ये बंद पडली होती, जुलै २०२५ मध्ये परत सुरू झाली, चाचणीत हजर असलेल्यांना एकरकमी १ लाख डॉलर, आणि क्लेम ३१ डिसेंबर २०२७ पर्यंतच टाकता येतो. इथेही डोस लागत नाही, आजार या योजनेच्या यादीतला हवा. माणूस नसेल तर बायको किंवा नवरा, तेही नसतील तर मुलं अर्ज करू शकतात, व्हीएच्या पेन्शनमध्ये मोठ्या मुलांना सहसा काही मिळत नाही म्हणून हे लक्षात ठेवा. त्याच आजारासाठी व्हीएने दिलेले पैसे मात्र यातून वजा होतात. वकील केला तर पहिल्या क्लेमला २ टक्क्यांहून जास्त फी घ्यायला कायद्याने बंदी आहे, जास्त मागितली तर सरळ नाही म्हणा.