निवासी शिबिर की रेसिडेन्सी? अर्ज भरण्याआधी एवढं बघा

‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’चं मराठी करताना पत्रकात हमखास ‘निवासी’ हा शब्द येतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ‘निवासी’ म्हटलं की डोळ्यांपुढे उन्हाळी नाट्यशिबिर उभं राहतं: सतरंजी, पहाटेचा व्यायाम, शेवटच्या दिवशी अर्ध्या तासाची नाटिका आणि प्रमाणपत्र. रेसिडेन्सीतही राहणं-जेवणं असतं, हॉल असतो, शेवटी काहीतरी दाखवलंही जातं. पण शिबिरात माणूस शिकायला जातो आणि रेसिडेन्सीत स्वतःचं अर्धवट काम पुढे न्यायला.

पत्रक हातात आलं की आधी पैशाचा रकाना वाचा. शिबिराचं शुल्क असतं, ते तुम्ही भरता आणि त्यातून मार्गदर्शकाचं मानधन, हॉल, मेस भागते. रेसिडेन्सीत पैसा साधारणपणे उलट वाहतो: जागा आणि राहणं रेसिडेन्सी चालवणाऱ्या केंद्राचं, वर मानधन किंवा निदान जेवण-प्रवासाचा भत्ता. काही ठिकाणी कलाकाराकडूनही थोडी रक्कम घेतात, तेही चालतं. मात्र शुल्क भरभक्कम, दिवसभराचं वेळापत्रक आधीच छापलेलं आणि ‘तज्ज्ञांचे मार्गदर्शन’ ठळक अक्षरांत असेल, तर नाव काहीही असो, ते शिबिरच. त्यात कमीपणा काही नाही, फक्त तुमचं नवं नाटक तिथे लिहून होईल अशी आशा धरू नका.

दुसरी खूण म्हणजे दिवस कोणाच्या ताब्यात आहे. अमेरिकेतलं मॅकडॉवेल हे 1907 पासूनचं रेसिडेन्सी केंद्र. तिथे दुपारच्या जेवणाची टोपली कलाकाराच्या स्टुडिओच्या दाराशी ठेवून जातात, जेणेकरून कामात खंड पडू नये. आपल्याकडच्या शिबिरात जेवणाची घंटा होते आणि उशीर झाला तर भात संपतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे. शिबिराला शिस्त लागतेच, कारण चाळीस जणांना एकाच वेळी एकच गोष्ट शिकवायची असते.

एकाच आवारात दोन्ही चालू शकतं, हेही लक्षात ठेवा. पुदुच्चेरीजवळच्या आदिशक्ती या नाट्यसंस्थेत नटांसाठी निवासी कार्यशाळा होतात आणि बाहेरचे गट स्वतःचं काम घेऊनही येऊन राहतात. दिल्लीच्या खोज या कलासंस्थेची सुरुवात तर 1997 मध्ये मोदीनगरच्या वार्षिक कार्यशाळेतून झाली, रेसिडेन्सी नंतर आल्या. म्हणून संस्थेच्या नावावरून अंदाज बांधू नका, त्या विशिष्ट कार्यक्रमाची अट वाचा.

अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक शिबिर आणि रेसिडेन्सीच्या याच घोळामुळे. रेसिडेन्सीच्या अर्जात ‘मला अभिनय शिकायची तळमळ आहे’ लिहिलं की निवड समिती पुढचं पान उलटते. तिला हवं असतं ते असं: कामाचा प्रश्न काय, आतापर्यंत किती झालंय, या तीन-चार आठवड्यांत नेमकं काय करून बघणार, आणि त्यासाठी याच जागेची गरज का. ‘सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांवर नाटक’ हा विषय झाला. ‘मागाच्या खटखटीच्या लयीत मराठी आणि तेलुगू संवाद बसतात का, हे चार नटांसोबत तपासणार’ हा प्रस्ताव झाला. सोबत पाच-दहा मिनिटांचं सलग, न कापलेलं चित्रीकरण द्या. संगीत टाकून सजवलेल्या तुकड्यांवरून काहीच कळत नाही. आणि गटातली माणसं खरी मोजा. अर्जात दोघं आणि स्टेशनवर सहा उतरले, तर खोल्या, भत्ता, जेवण सगळंच कोलमडतं.

आता सोलापुरातच कोणाला रेसिडेन्सी चालवायची असेल तर. पहिली अडचण जागेची. नाट्यगृहं सत्रावर भाड्याने मिळतात. तीन आठवडे रोज तिथे बसणं हिशेबात बसत नाही, आणि मध्येच लग्न-संमेलनाचं बुकिंग आलं की सामान उचला. त्यापेक्षा शाळेचा किंवा बंद गोदामाचा मोठा हॉल महिनाभर घ्यावा आणि नाट्यगृह फक्त शेवटच्या दोन दिवसांसाठी, प्रकाशयोजना बसवायला. हॉलची किल्ली कलाकाराकडे हवी. शिपाई आल्यावर उघडणार आणि सहाला बंद होणार, तर ती रेसिडेन्सी कागदावरच राहते.

नर्तक येणार असतील तर जमीन आधी तपासा. फरशीवर किंवा काँक्रीटवर रोज चार तास उड्या मारल्या की थोड्याच दिवसांत नडगी आणि गुडघे बोलू लागतात. वर नुसतं विनाइल, म्हणजे प्लास्टिकचं आच्छादन, अंथरलं तर पाय घसरणं थांबतं, धक्का तसाच बसतो. खाली लाकडी चौकटीचा, किंचित दबणारा तळ लागतो. कथकवाल्यांना मात्र विनाइल नको असतं, घुंगरांचा नाद मरतो. त्यांना उघडं लाकूड द्या.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या हॉलमध्ये अकरानंतर काम होत नाही, म्हणून सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ असं धरा. शिबिर सुट्टीमुळे उन्हाळ्यातच घ्यावं लागतं, रेसिडेन्सीला ती सक्ती नाही. जुलै ते सप्टेंबर बरा. जानेवारीचा मध्य टाळा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत लॉज मिळायची मारामार, आणि स्थानिक माणसंही तिथेच गुंतलेली.

शेवटच्या सादरीकरणाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. शिबिराचा समारोप हा पालकांसाठीचा सोहळा. रेसिडेन्सीत दाखवायचं असतं ते अर्धवट काम: वीस-तीस मिनिटं, हातात संहिता असली तरी चालेल, नंतर पंधरा-वीस प्रेक्षकांशी बोलणं. आपल्याकडे मात्र प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन सुरू होतं. मग कलाकारही घाबरून कच्चं काम लपवतो आणि पाठ असलेलं जुनं काहीतरी करून मोकळा होतो. निमंत्रणावरच ‘काम सुरू आहे’ असं छापा आणि भाषणं नकोत. तिकीट लावून जाहीर प्रयोगच करायचा असेल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आधी घ्यावं लागतं आणि ते शेवटच्या आठवड्यावर ठेवून चालत नाही.

राहिला करार. शिबिरात तो लागत नाही, पावती पुरते. रेसिडेन्सीत दोन पानं तरी हवीतच. मानधन कधी, किती हप्त्यांत, टीडीएस किती कापणार. काम कोणाचं, हे स्पष्ट लिहा: नोकरीच्या करारात केलेल्या कामावर, वेगळं ठरलं नसेल तर, कायद्याने पहिला हक्क मालकाचा असतो. त्यामुळे कराराची भाषा नोकरीसारखी नको आणि हक्क लेखक-कलाकारांकडे राहतात हे वाक्य हवं. केंद्राला पुढच्या प्रयोगांच्या जाहिरातीत श्रेयाची एक ओळ मिळावी, चित्रीकरण फक्त संग्रहासाठी. आणि बनवलेली नेपथ्याची चौकट, रंगवलेले पडदे शेवटी कोण नेणार तेही लिहून ठेवा, नाहीतर हॉल रिकामा करायच्या रात्री टेम्पो कोणी बोलवायचा यावरून भांडण होतं.