लाल रंग ओसरला म्हणजे बर्सर्क संपलं, असं नाही

मे महिन्यात नागपुरात त्रिमूर्ती नगरला बहिणीकडे गेलो होतो. बाहेर रस्ता तापलेला, आत कूलर घरघरत होता आणि भाचा कॉम्प्युटरवर 1993 चा मूळ 'डूम' हा राक्षस मारायचा गेम खेळत बसला होता. त्याने बर्सर्कचा, म्हणजे ठोशाची ताकद वाढवणारा, काळा डबा उचलला. स्क्रीन लालभडक झाली आणि दोन शिपाई त्याने एकेका ठोशात लोळवले. थोड्या वेळात लाल रंग विरला, तशी त्याने लगेच शॉटगन काढली.

"काहून बदलवली?" मी विचारलं.

"पावर संपली न मामा. लाल गेलं न."

"अबे, गेली कुठं? लेव्हल संपेपर्यंत आहे ते."

त्याला ते खरं वाटेना. त्याचा दोष नाही, कारण त्याने सुरुवात केली 2016 च्या 'डूम'पासून. त्यात बर्सर्क आणि मार चौपट करणारं क्वाड डॅमेज हे दोन्ही पॉवर-अप (उचललं की ताकद देणाऱ्या वस्तू) आहेत आणि दोन्ही ठरावीक वेळेने संपतात. ते खेळून आलेल्या माणसाला ही दोन्ही एकाच जातीची वाटणारच. पण बर्सर्क मुळात 'डूम'चं आणि क्वाड 1996 च्या 'क्वेक'चं. दोन्ही गेम आयडी सॉफ्टवेअरचेच, तरी या दोन शक्तींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

आधी बर्सर्क. डबा उचलला की हेल्थ शंभराच्या खाली असेल तर शंभर होते आणि हातातली बंदूक जाऊन मूठ येते. साध्या ठोशाचा मार 2 ते 20. बर्सर्कमध्ये तो दहापट, म्हणजे 20 ते 200. सगळ्यात साध्या बंदूकधारी झॉम्बीची हेल्थ 20 असते, त्यामुळे कमीत कमी जोराचा ठोसासुद्धा त्याला पुरतो. 60 हेल्थचा इम्प बहुतेक वेळा एकात जातो. 150 चा गुलाबी डीमन कधी एकात, बहुधा दोनात. हे सगळं फक्त मुठीपुरतं. शॉटगन होती तेवढीच राहते, चेनसॉ म्हणजे करवतसुद्धा तेवढीच. चेनसॉ जवळ असेल तर 1 चं बटण दाबल्यावर आधी तीच हातात येते. बर्सर्क असताना तेच बटण पुन्हा दाबलं की मूठ येते, आणि हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण शेवटपर्यंत करवतच चालवत बसतात.

आता तो लाल रंग. 'डूम'चा कोड 1997 मध्ये खुला झाला, तो वाचला की गोष्ट लख्ख कळते. तात्पुरत्या बाकी शक्तींचे आकडे उतरत जातात आणि शून्यावर आले की शक्ती जाते. बर्सर्कचा आकडा मात्र चढत जातो. तो जसा वाढतो तसा स्क्रीनचा लाल रंग फिका होतो आणि साधारण 22 सेकंदांत पूर्ण जातो. रंग गेल्यावरही आकडा चढतच राहतो, आणि आकडा शून्य नाही म्हणजे ठोसा दहापट. लाल रंग ही वेळेची पट्टी नाहीच. डबा उचलल्याची ती खूण आहे, एवढंच. मला स्वतःला ही रचना फार आवडते. शक्ती हातात आहे, पण ती आहे हे खेळणाऱ्याने लक्षात ठेवायचं.

क्वाड उघडउघड घड्याळावर चालतं. 30 सेकंद, आणि तेवढ्या वेळात हातात जे शस्त्र असेल त्याचा मार चौपट. साध्या शॉटगनचे सहा छर्रे मिळून 24 चा मार देतात, तो 96 होतो. डबल बॅरलचे सगळे 14 छर्रे लागले तर 56 चे 224 होतात, म्हणजे 200 हेल्थचा ओगर एका बारात आडवा. 600 हेल्थच्या शॅम्बलरला एरवी असे अकरा बार लागतात, क्वाडमध्ये तीन. शॅम्बलरवर रॉकेट मात्र वाया घालवू नका, स्फोटाचा मार त्याला निम्माच लागतो.

चौपट मार स्वतःलाही चुकत नाही, आणि नवे खेळाडू इथंच मरतात. जवळच्या भिंतीवर रॉकेट फुटलं तर आपल्याला एरवी जास्तीत जास्त 60 बसतात. क्वाड असताना तेच 240 पर्यंत जातं. अंगावर आर्मर (चिलखत) नसेल तर शंभर हेल्थचा माणूस स्वतःच्याच रॉकेटने जातो. अरुंद बोळात क्वाड घेऊन रॉकेट काढायचं नाही, हे मी भाच्याला दोनदा सांगितलं.

आणखी एक बारकावा. 'क्वेक'मध्ये गुणाकार गोळी सुटताना होत नाही, ती लागताना होतो. ग्रेनेड आधी फेकला आणि तो फुटायच्या आत क्वाड उचललं, तर स्फोट चौपट. उलट, शेवटच्या क्षणाला दूरवर सोडलेलं रॉकेट क्वाड संपल्यावर पोचलं तर त्याचा मार साधाच. 1997 च्या 'क्वेक 2'मध्ये हे बदललं. तिथं मार शस्त्र चालवतानाच ठरतो.

बर्डीवरच्या एका सायबर कॅफेत आम्ही लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरांवर, 'क्वेक' खेळायचो. क्वाड संपायला तीन सेकंद उरले की गेम आवाज देतो, स्क्रीनवर ओळही येते. पण उन्हाळ्यात तिथला मोठा कूलर इतका गरजायचा की आवाज कानावर पडायचा नाही, आणि मारामारीत ओळ वाचतो कोण! म्हणून आमच्यातला एक जण उचलल्या क्षणापासून मोठ्याने आकडे म्हणायचा. तो तीसवर थांबायचा नाही, साठपर्यंत जायचा. कारण डेथमॅचमध्ये, म्हणजे खेळाडू एकमेकांनाच मारतात त्या खेळात, उचलल्यापासून 60 सेकंदांनी क्वाड पुन्हा त्याच जागी येतं. अठ्ठावन्नला तिथं जो उभा असायचा, त्याची पुढची फेरी.

म्हणून क्वाड घ्यायच्या आधी सगळं ठरवावं लागतं: शस्त्र कोणतं, वाट कोणती, गोळ्या किती. उचलल्यावर विचार करायला लागलात तर दहा सेकंद गेलेच. बर्सर्कला अशी घाई नाही. हेल्थ भरलेली असेल आणि राक्षस पुढे असतील तर डबा तिथंच ठेवा, मार खाल्ला की परत येऊन उचला. मग निवांत कोपऱ्याकोपऱ्याने फिरा, जवळ येतील त्यांना ठोसे द्या आणि छर्रे दूरच्यांसाठी राखा. हजार हेल्थच्या बॅरन नावाच्या राक्षसासमोर मूठ घेऊन उभं राहायचं धाडस मी तरी करत नाही.

भाच्याने शॉटगन ठेवली आणि मूठ काढली. स्क्रीन स्वच्छ, लाल रंगाचा मागमूस नाही. दारामागून इम्प आला, एका ठोशात पडला. भाचा माझ्याकडे बघून हसला आणि उरलेली अख्खी लेव्हल त्याने एक छर्रा न खर्चता काढली. शेवटचा खटका दाबला, नवी लेव्हल सुरू झाली, तसाच मूठ उगारून तो पुढच्या इम्पवर धावला. एक ठोसा, दोन, तीन. इम्प उभाच.

"मामा, हा काहून पडत नाही?"

"लेव्हल बदलली न. आता काढ शॉटगन."