उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं पाणी? नाही!

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की समुद्री टाकीतलं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातलं पाणी झपाट्यानं उडतं. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला: ‘टाकी समुद्री आहे, तर मिठाचंच पाणी भरा.’ हा सल्ला चुकीचा आहे. वाफ होते ती पाण्याची. मीठ टाकीतच राहतं. कूलरच्या ताट्यांवर साचणारा पांढरा थर आठवा.

हिशेब करून पाहा. १०० लिटरची टाकी, क्षारता लिटरला ३५ ग्रॅम, रोज २ लिटर पाणी उडतं. तेवढंच मिठाचं पाणी ओतलं तर रोज ७० ग्रॅम मीठ वाढतं. आठवड्यात क्षारता ४० च्या घरात. कोरल (टाकीतले प्रवाळ) मिटून बसतात, खात नाहीत. त्यांना भूक लागली समजून आणखी खाद्य टाकलं की ते कुजतं आणि नायट्रेट, फॉस्फेट चढतात.

म्हणून रोजची भर आरओ-डीआय पाण्याचीच, म्हणजे गाळून सगळे क्षार काढलेल्या पाण्याची; टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. घरच्या पिण्याच्या आरओत बहुधा थोडे क्षार उरतातच. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना, जेवढं काढलं तेवढं.

क्षारता आधीच ४० झाली असेल तर घाई नको. रोज अडीच लिटर टाकीतलं काढून तेवढंच शुद्ध पाणी घाला. क्षारता दिवसाला लिटरमागे साधारण एक ग्रॅम उतरेल. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मात्र साध्या पाण्यावर नव्हे, ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. कोरल पुन्हा फुलले की खाद्य आठवड्यातून दोनदा, दिवे मालवल्यावर.