उन्हाळी टोपलीतला चिकन पास्ता घरी कसा करावा

नमस्कार. तुमच्याकडे आलेल्या टोपलीत चार माणसांच्या रात्रीच्या जेवणाचं सामान आहे. अर्धा किलो बोनलेस चिकन, ३०० ग्रॅम पेन्ने पास्ता, भरताचं एक मध्यम वांगं, दोन कोवळ्या झुकिनी, एक लाल आणि एक पिवळी भोपळी मिरची, पाच पिकलेले टोमॅटो, लसणाचा गड्डा आणि सब्ज्याच्या पानांची छोटी जुडी. तेल, मीठ, मिरी तुमच्या घरची. चिकन मुरायला अर्धा तास आणि गॅसपाशी पाऊण तास धरून चाला.

आमचं दुकान मुळात चिकनचं. तरी या पास्त्यात मान भाज्यांचा आहे आणि चिकन त्यांच्या सोबतीला आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं. इटलीतल्या घरांत सहसा पास्त्यात चिकन घालत नाहीत. पास्ता आधी, मांस नंतर वेगळ्या ताटलीत. चिकन पास्ता रुळला तो अमेरिकेत. पण वांगं, टोमॅटो आणि बेसिल ही सांगड खास सिसिली बेटाची. तिथल्या कातानिया शहरात तळलेलं वांगं, टोमॅटो, बेसिल आणि खारवलेलं रिकोटा चीज घालून केलेला पास्ता घरोघरी होतो. आमची कृती त्याच वळणाची आहे.

चिकन

पूर्वी आम्ही टोपलीत ब्रेस्ट पीस द्यायचो. ‘कोरडं झालं, चावत नाही’ असं बऱ्याच जणांनी सांगितलं आणि त्यांचं बरोबर होतं. छातीच्या मांसात चरबी कमी, दोन मिनिटं जास्त झाली की ते चोथा होतं. म्हणून आता मांडीचं मांस देतो. ते सांभाळून घेतं.

चिकन आम्ही साफ करूनच देतो. कृपया ते नळाखाली धुऊ नका. धुण्याने जंतू जात नाहीत. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ते सिंकमध्ये, ओट्यावर, शेजारी ठेवलेल्या कोशिंबिरीच्या काकडीवर उडतात. जंतू मरतात ते आचेवर. तुकड्याचा मधला भाग ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. घरी थर्मामीटर नसेल तर सर्वांत जाड तुकडा कापून पाहा, आत कुठेही गुलाबी दिसता कामा नये.

टिश्यू पेपरने तुकडे कोरडे टिपा, एक सपाट चमचा मीठ, मिरपूड आणि चार ठेचलेल्या पाकळ्या लसूण चोळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग पसरट, जाड बुडाची स्टीलची कढई चांगली तापवून दोन चमचे तेलात तुकडे सुटे सुटे मांडा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. खालून खरपूस झाले की आपोआप सुटतात. उलटा, दुसरी बाजू तशीच करा आणि ताटलीत काढा. लोखंडी कढई मात्र नको, पुढे टोमॅटो पडले की लोखंडाची चव उतरते. बुडाला धरलेली खरवड खरडून टाकू नका, सगळी गोडी त्यात आहे.

भाज्या

इथे घाई केलीत तर पास्ता फसतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. सगळ्या भाज्या एकदम कढईत ओतल्या की त्यांना पाणी सुटतं आणि त्या परतल्या न जाता त्यातच शिजतात. बुडाला कुठे धातू, कुठे भाजी असं दिसलं पाहिजे, इतपतच भाजी एका वेळी घाला.

वांग्याच्या सुपारीएवढ्या फोडी करून मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, मग घट्ट दाबून पाणी काढा. असं केलेलं वांगं तेल कमी पितं. आधी ते परता, कडा तपकिरी झाल्या की काढा. मग भोपळी मिरची, तिच्या सालीवर ठिकठिकाणी काळे डाग पडेपर्यंत. शेवटी झुकिनीच्या जाड चकत्या, फक्त दोन-तीन मिनिटं. झुकिनी मिळाली नाही त्या आठवड्यात आम्ही कोवळा दुधी देतो. त्याला दोन मिनिटं जास्त द्या.

आता त्याच कढईत थोडं तेल, उरलेला लसूण चिरून, आणि तो सोनेरी व्हायच्या आत चिरलेले टोमॅटो. आमचे टोमॅटो शक्यतो जुन्नर-नारायणगाव पट्ट्यातले असतात. उन्हाळ्यात कधी फार आंबट निघतात, तेव्हा चिमूटभर साखर घाला. तेल सुटेपर्यंत शिजवा. खरवड तेवढ्यात सुटून रसात मिसळते.

पास्ता

१०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, हे प्रमाण इटलीत पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. म्हणजे तुमच्या ३०० ग्रॅमला तीन लिटर पाणी आणि साधारण पाच सपाट चहाचे चमचे मीठ. जास्त वाटेल, पण बहुतेक मीठ पाण्यातच राहतं. भाज्यांत मात्र हात आवरा. पाणी खळखळून उकळल्यावरच पास्ता टाका. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी एक तुकडा चावून पाहा. दाताला मध्यभागी किंचित लागला पाहिजे.

आम्ही देतो तो पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा. हाच आपल्याकडचा बन्सी गहू, शेवयांचा आणि रव्याचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे वाण काढले आहेत. दाणा कडक, रवा पिवळसर, म्हणून शिजल्यावरही आकार टिकतो. इटलीने १९६७ साली कायदाच केला की सुका पास्ता फक्त ड्युरमचाच. मैद्याचा स्वस्त पास्ता दोन मिनिटं जास्त झाला की लगदा होतो. बाहेरून घेताना पाकिटावर ‘ड्युरम’ शब्द शोधा.

उकळलेलं पाणी ओतून देऊ नका. भाताच्या पेजेसारखं त्यात पिठूळपण उतरलेलं असतं. दोन वाट्या बाजूला ठेवा. पास्ता झाऱ्याने थेट टोमॅटोत घाला, चिकन आणि भाज्या परत टाका, एक वाटी ते पाणी ओता आणि मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं कढई हलवत राहा. पाण्यातलं पीठ आणि तेल एकजीव होऊन रस प्रत्येक तुकड्याला चिकटतो. क्रीमची गरज उरत नाही. घट्ट वाटलं तर आणखी पळीभर पाणी.

गॅस बंद केल्यावरच सब्ज्याची पानं हाताने तोडून घाला. आचेवर ती काळी पडतात. फालुद्यातला सब्जा ज्या झाडाचं बी, त्याचीच ही पानं, आणि बेसिलही त्याच जातीचं. वृंदावनातली तुळस वेगळी जात, तिचा वास इथे जुळत नाही. घरचा सब्जा कुंडीत पेरलात तर काही आठवड्यांत पानं मिळतील. चीज आवडीप्रमाणे, लिंबाचे चार थेंब जरूर.

उरलं तर एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून वाफ येईपर्यंत गरम करा. टोपली आणि चिकनसोबतचे बर्फाचे पाऊच पुढच्या फेरीला आमच्या मुलाकडे परत द्यावेत, ही विनंती.